उत्तुंगची मागची बाजू

“पुढून ही इमारत कोणीही बघतं,” तेलंगसाहेब मुलांना म्हणाले. “तुम्ही माझ्याबरोबर मागे चला.”

माझी सातवीची मुलं रांग मोडून त्यांच्यामागे धावली. ड्रॉइंग बोर्डांचा गठ्ठा सांभाळत मी शेवटी निघाले. माझ्या शेजारी कुंदा पाष्टे होती. उंचीनं सगळ्यांत लहान म्हणून ती एरवी रांगेत पहिली असायची. त्या दिवशी मात्र ती माझा पदर धरल्यासारखी चालत होती.

“बाई, आपण पुढूनच काढू या ना,” ती हळूच म्हणाली. “पुढून समुद्रपण येतो.”

“साहेब दाखवतायत ते बघू तरी,” मी म्हटलं.

‘उत्तुंग’ वरळीच्या समुद्रासमोर उभी होती. आता तिच्या आजूबाजूला इतके मनोरे झाले आहेत, की ती शोधावी लागते. पण गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी तरी आमच्या शाळेच्या कुठल्याही खिडकीत उभं राहिलं की आधी तीच दिसायची. गावाहून आलेल्या पाहुण्याला माणसं बसमधून बोट करून ती दाखवायची. पुढून ती किंचित वळलेली होती, वाऱ्याकडे कूस करून उभं राहावं तशी. प्रत्येक मजल्याला लांबलचक सज्जा आणि त्यावर काँक्रीटची पातळ छपरी. दुपार कलली की त्या छपऱ्यांच्या सावल्या भिंतीवर उमटायला लागायच्या आणि सगळी इमारत दुरेघी वहीसारखी दिसायची. मी मुलांना उभी रेघ, आडवी रेघ आणि लांब जाताना वस्तू लहान कशी होते, हे तिन्ही तिच्यावरूनच शिकवत असे.

त्या वर्षी इमारतीला पंचवीस वर्षं झाली. सोसायटीनं रौप्यमहोत्सव ठरवला आणि जवळच्या शाळांसाठी चित्रस्पर्धा ठेवली. अरविंद तेलंग सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि धंद्यानं आर्किटेक्ट. कॉलेजातून बाहेर पडल्याबरोबर ते ज्या ऑफिसात लागले, तिथेच उत्तुंगचे नकाशे तयार झाले होते. पुढे त्यांनी तिच्यातच घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. आमच्या शिपायानं मला सांगितलं होतं, की साहेब जिन्याच्या कठड्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात.

मला ते आवडले होते. मुलांशी कसं बोलायचं हे त्यांना कळत होतं. उत्तर आधी सांगायचे नाहीत.

मागच्या अंगणात मुलांना बसवून त्यांनी वर बोट दाखवलं. इमारतीपासून हातभर सुटा, तिच्याएवढाच उंच एक निमुळता मनोरा तिच्यामागे उभा होता.

“हे काय असेल?”

“गिरणीची चिमणी,” दिनेश घाग म्हणाला.

“मग धूर कुठाय?”

“संप आहे ना, साहेब.”

मुलं हसली. तेलंगसाहेबही हसले. त्यांनी दिनेशच्या टाळूवर टपली मारली.

“जिना आहे तो. नोकरांचा जिना. बाकीचे लोक काय करतात, असला जिना कुठंतरी आत अंधारात लपवतात. इथं त्याला स्वतःचा मनोरा दिलाय. आता त्या गोल खिडक्या बघा. प्रत्येक वळणावर एक. सकाळी ऊन आलं की आत प्रत्येक वळणावर उजेडाचा एक एक गोल पडतो. मोलकरीण भांडी घासायला चढते ना, ती उजेडातून उजेडात चढते. आणि सगळ्यांत वर?”

“मोठ्ठी खिडकी.”

“शब्दावर अनुस्वार द्यावा तशी. ती काढा, आणि सगळा मनोरा मुका होतो. नकाशावर तो गोल मी काढलाय, या हातानं.”

त्यांनी हात वर करून दाखवला. मुलांनी हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. कुंदानं मान खाली घातली.

त्या गोल खिडकीमागे ती राहत होती.

हे मला ठाऊक होतं. आदल्या श्रावणात तिला वर्गात ताप भरला म्हणून मी तिला घरी पोचवायला निघाले, तर ती मला मागच्या गल्लीतून याच अंगणात घेऊन आली. सर्व्हिस लिफ्टनं शेवटचा मजला, तिथून अरुंद लोखंडी जिना, मग लिफ्टच्या मशीनची खोली आणि तिला लागून तेलाचे डबे ठेवायची खोली. तिथे खाट होती. खाटेवर कुंदाची आई. गावी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून तिच्या कमरेखालचं गेलं होतं. कुंदाचे वडील गोविंद पाष्टे इथे लिफ्टमन होते. आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्यावर सोसायटीनं त्यांना मशीन आणि पंप बघायला ठेवलं. झोपायचं खाली पंपाशेजारी, असं ठरलेलं. पण बायकोला मोठ्या हॉस्पिटलात विजेचे शेक द्यायचे होते, आणि चिपळूणकडच्या त्यांच्या गावात साधा डॉक्टर नव्हता. म्हणून त्यांनी तिला गुपचूप वर आणलं. पहाटे तिला पाठुंगळी घेऊन ते सर्व्हिस लिफ्टनं उतरायचे, दूधवाल्यांच्या आधी. एका वॉचमनशिवाय कोणाला पत्ता नव्हता. शेवटच्या मजल्याच्या वर कोणी चढतच नसे.

“डाव्या पायाचा अंगठा हलायला लागलाय, बाई,” कुंदाच्या आईनं मला तेव्हा हलवून दाखवला होता. शेजारी मशीन सुरू झालं की भिंत थरथरायची, आणि अंगठा आपणहून हलला की भिंतीमुळे, ते मला कळलं नाही. “डॉक्टर बोलतात, वर्षभर शेक चालू राहिला तर धरून धरून उभी राहीन. तेवढं कोणाला सांगू नका हां. सोसायटीला कळलं तर आमचं सगळं तिथंच राहिलं.”

मी सांगितलं नव्हतं. कुंदानंही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनी पत्ता विचारला की ती “तिकडं, मागं” एवढंच म्हणायची.

मुलं चित्र काढायला बसली. मी नेहमीप्रमाणे फिरून सांगत होते. अंगणात टेलिफोनच्या तारा लोंबत होत्या, भिंतीला स्कूटर टेकल्या होत्या.

“सगळं काढायचं नसतं,” मी म्हटलं. “कॅमेऱ्याला गाळता येत नाही, आपल्याला येतं. चित्रात जे नको, ते गाळायचं.”

“काहीपण गाळलं तर चालतं, बाई?” कुंदानं विचारलं.

“चालतं.”

तिनं मग एकदाही मान वर केली नाही. तिला ती बाजू पाठच होती.

तासाभरानं तेलंगसाहेब चित्रं बघत आले. दिनेशच्या मनोऱ्यातून धूर निघत होता, त्याला त्यांनी “छान, संप मिटवलास” म्हटलं. कुंदाजवळ आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. तिचा कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

“बाई, इकडे या,” ते म्हणाले. “हिनं खिडक्यांच्या काठाची जाडी काढलीय. बघितलंत? भिंत किती जाड आहे ते बाहेरून बघणाऱ्याला कळतं. माझ्या कॉलेजच्या पोरांना हे दिसत नाही. नाव काय गं तुझं?”

“कुंदा गोविंद पाष्टे.”

“आमच्या गोविंदाची?”

तिनं मान हलवली.

“गोविंदानं कधी सांगितलं नाही, मुलगी इतकी हुशार आहे म्हणून. पहिलं बक्षीस इथंच ठरलं. बाकीच्या शाळांनी रागावू नये.” मग त्यांनी कागद लांब धरला आणि त्यांचा चेहरा किंचित बदलला. “वरचा गोल कुठाय?”

कुंदानं पेन्सिल कंपासपेटीत ठेवली.

“विसरलीस?”

“नाही.”

“मग?”

“तो नको होता.”

मुलं खुसुखुसु हसली. तेलंगसाहेब हसले नाहीत. ते दुखावले होते, पण आवाज तसाच मऊ होता.

“का नको?”

“वाईट दिसतो.”

“मीच सांगितलं होतं साहेब, नको ते गाळायचं म्हणून,” मी मध्ये पडले. “राहू द्या. मुलांची नजर असते एकेक.”

“तारा गाळा, बाई. स्कूटर गाळा. हा इमारतीचा डोळा आहे.” ते उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. “चला सगळे. हिला तो वाईट दिसतो, कारण हिनं तो बाहेरून बघितलाय. आपण आतून बघू.”

“तिथं कुलूप असतं, साहेब,” कुंदा पटकन म्हणाली.

“चावी सेक्रेटरीकडे असते. सेक्रेटरी कोण?”

“तुम्ही,” मुलं ओरडली.

“शाळा सुटायची वेळ झालीय,” मी म्हटलं. “पुन्हा कधीतरी आणते मी त्यांना.”

“तुम्ही शिक्षिका आहात, बाई. शिकायची वेळ अशी सांगून येते का?”

याच्यापुढे काही बोलणं म्हणजे त्या खोलीत काय आहे ते सांगणंच होतं. मी मुलांना स्लिपर नीट घालायला सांगितल्या, त्यात होईल तेवढा वेळ काढला. तेलंगसाहेबांनी कुंदाचा हात हातात घेतला.

सर्व्हिस लिफ्टमधून पाच-सहा मुलं पहिल्यांदा गेली, त्यांच्याबरोबर ते, कुंदा आणि मी. शेवटच्या मजल्यावर लिफ्ट थांबली. लोखंडी जिना लागला तशी कुंदा पाय आपटत चढायला लागली. प्रत्येक पायरी घणघणत होती.

“हळू गं. जिना जुना आहे,” ते म्हणाले.

ती आणखी जोरात आपटू लागली. आईला खबर देत होती ती. पण जिला उठता येत नाही, तिनं खबर मिळून काय करायचं?

“आता बघ हं,” दाराशी ते वाकून तिला म्हणाले. “दार उघडलं की समोर फक्त आभाळ. मग मला सांग वाईट दिसतं का.”

दाराला कुलूप नव्हतंच. त्यांनी ते ढकललं.

खाटेवर एक गाठोडं होतं. आईनं चादर डोक्यावरून ओढून घेतली होती आणि ती अगदी निश्चल पडली होती, कोणी तरी कपडे बांधून ठेवल्यासारखी. स्टोव्हवर भाताचं पातेलं होतं. दोरीवर कुंदाचा दुसरा गणवेश वाळत होता.

“साहेब, कोणतरी मेलंय,” दिनेश म्हणाला, आणि पोरं एकमेकांच्या मागे सरकली.

तेलंगसाहेबांनी खाटेकडे पाहिलं नाही. ते सरळ खिडकीकडे गेले. गोलाच्या एका बाजूनं जुन्या लुगड्याचा पडदा सुतळीवर लावलेला होता. त्यांनी तो बाजूला केला आणि काठावरून बोट फिरवलं. लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून आपण फिरवतो तसं.

“हा खिळा कोणी ठोकला?”

मशीन सुरू झालं, कोणाची तरी लिफ्ट खाली गेली, मशीन थांबलं.

“मी,” कुंदा म्हणाली.

“लेकरू आहे हो ते,” चादरीतून आवाज आला. “माझ्या डोळ्यावर ऊन यायचं म्हणून ठोकला तिनं.”

तेव्हा ते वळले.

“ही कुंदाची आई आहे?” दिनेशनं मला विचारलं. सगळ्यांना ऐकू गेलं. चादरीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं उशाशी खाली ठेवलेलं हागायचं भांडं खाटेखाली ढकलायचा प्रयत्न केला. ते पुरतं गेलं नाही. कुंदानं पुढे होऊन ते पायानं आत सारलं.

मी मुलांना खाली नेलं. उतरताना एक मुलगी म्हणाली, “बाई, कुंदाला वास येतो तो याच्यामुळे?”

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी पुन्हा उत्तुंगच्या अंगणात गेले. गोविंद पाष्टे हात जोडून उभे होते. अंगात लिफ्टमनचा जुना खाकी कोट होता, बटणं लावलेली.

“मी निर्दय माणूस नाही, बाई,” तेलंगसाहेब मला म्हणाले. “ती खोली माणसासाठी काढलेलीच नाही. पाणी नाही, हवा नाही, शेजारी मशीन. तिथं एक बाई पडून आहे हे मला बघवत नाही.”

“मग खाली पंपाच्या खोलीत ठेवतो तिला, साहेब,” गोविंद म्हणाले.

“रौप्यमहोत्सव आहे, गोविंदा. दिल्लीहून, अहमदाबादहून आर्किटेक्ट येणार आहेत. ते मागची बाजूच बघायला येतायत. तुझ्या नोकरीला मी हात लावणार नाही. समितीला मी सांगितलंय, नोकरी जाणार नाही.”

“उपकार आहेत तुमचे. पण तिचा अंगठा हलतोय, साहेब. शेक बंद झाला तर…”

“गावाला मालिश करणाऱ्या बायका असतातच की. आणि मोकळी हवा. मी तर म्हणतो, तिथंच ती लवकर बरी होईल.”

“माझा भाऊ तिला घरात घेत नाही.”

“भाऊ आहे ना पण?” तेलंगसाहेब म्हणाले. “रविवारपर्यंत कर.”

मी आमच्या हेडमास्तरांकडे गेले, ओळखीच्या एका नगरसेवकाकडे गेले. हेडमास्तर म्हणाले, ते खाजगी सोसायटीचं आहे. नगरसेवक संपवाल्यांच्या मोर्चात होते. माझं घर दादरला तिसऱ्या मजल्यावर, दीड खोली, त्यात सासू-सासरे आणि दोन मुलं. मी गोविंदना विचारलं तरी. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “बाई, तुमच्याकडं जिना आहे. पहाटे मी वरळीला मशीन बघू का दादरला हिला उतरवू?”

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा सर्व्हिस लिफ्टला रंग लावत होते. दारावर ‘ओला रंग’ अशी पाटी होती.

“पुढच्या लिफ्टनं न्या ना,” मी तेलंगसाहेबांना म्हटलं. ते जिन्यात उभे होते.

“काल तिला आतून पितळी पत्रे लावलेत, बाई. खुर्चीचे ओरखडे पडले तर निघायचे नाहीत. आणि हा जिना त्यासाठीच तर आहे.”

दोन हमालांनी तिला एका लाकडी खुर्चीत बसवून साडीनं बांधली होती. मागे गोविंद, हातात खाटेचे सुटे पाय. पुढे कुंदा, बगलेत पातेलं. मी तिच्या हातातला स्टोव्ह घेतला. ऊन आलं होतं आणि तेलंगसाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. प्रत्येक वळणावर भिंतीवर उजेडाचा एक गोल पडला होता, कापून चिकटवल्यासारखा. खुर्ची अंधारातून उतरायची, त्या गोलात यायची, बाईचा चेहरा लख्ख दिसायचा आणि पुन्हा जायचा.

“भिंतीला खुर्ची लागू देऊ नका,” तेलंगसाहेब वरून सांगत होते. “वळणावर तिरपी करा. तिरपी.”

हमालांनी खुर्ची तिरपी केली. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला.

“कठडा सोडा, बाई. त्यांना वळता येत नाही.”

तिनं सोडला. पुढच्या वळणावर तिच्या मांडीवर उजेड पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“कुंदा,” ती म्हणाली, “बघ गं, किती छान केलंय. मी कधी दिवसाउजेडी उतरलेच नाही.”

तेलंगसाहेबांनी ते ऐकलं. ते दोन पायऱ्या भराभर उतरले.

“आवडलं तुम्हाला?”

“हो, साहेब.”

“बघ, कुंदा,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खरंच भरून आले होते, मी पाहिलं.

खाली अंगणात टेम्पो उभा होता. सामान चढत होतं तोवर खुर्ची सावलीत ठेवली. तेलंगसाहेबांनी कुंदाला आत बोलावलं.

“बक्षीस समारंभ पुढच्या रविवारी आहे. तेव्हा तू आईबरोबर गावी असशील, म्हणून तुझं आजच द्यायचं ठरवलंय,” ते तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तिच्यावर अन्याय नको.”

पुढच्या दालनात थंडगार होतं. संगमरवरी टेबलावर तिचं चित्र पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलं होतं. शेजारी रंगांची पेटी, लाकडी, लाल फीत बांधलेली. तशी पेटी माझ्याकडेही नव्हती.

“हे इथं काचेत लागणार आहे. कायमचं. खाली तुझं नाव,” ते म्हणाले आणि त्यांनी टोक केलेली पेन्सिल तिच्यापुढे धरली. “फक्त ते अपुरं राहिलंय. आता काढशील ना?”

कुंदानं पेन्सिल घेतली. कंपास त्यांनी पुढे केला होता, तो घेतला नाही. तिनं मनगट न टेकता एका दमात गोल काढला. मी इतकी वर्षं शिकवलं, पण तसा गोल माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा निघाला नाही. मग तिनं काठाची जाडी काढली, आतली सावली भरली. तेलंगसाहेबांनी श्वास सोडला.

ती थांबली नाही. गोलाच्या वरच्या काठाशी तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि दाबून एक टिंब दिलं.

“हे काय?”

“खिळ्याचं भोक.”

“खिळा मी काढून टाकला, बाळ.”

“भोक राहतं ना, साहेब. जे आहे ते काढायचं.”

त्यांनी वाकून टिंबाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून खोडरबर काढलं, कागद एका हातानं ताणून धरला आणि अगदी हलक्या हातानं, गोलाला धक्का न लावता, ते टिंब पुसलं. रबराचा भुगा फुंकून टाकला.

“कालच बुजवलं मी ते,” ते समजावून सांगत म्हणाले. “त्याच रंगाचं सिमेंट मुद्दाम मिळवलं. आता हात लावून बघितलंस तरी कळणार नाही.”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तेलंगसाहेबांनी रंगांची पेटी उचलून तिच्यापुढे धरली.

मी माझ्या मुलांना पहिलीपासून शिकवत आले होते, की बक्षीस कसं घ्यायचं. दोन्ही हातांनी घ्यायचं, किंचित वाकायचं, देणाऱ्याकडे बघायचं आणि आभार मानायचे.

कुंदानं बगलेतलं पातेलं खाली जमिनीवर ठेवलं. दोन्ही हात पुढे केले. वाकली.

“आभारी आहे, साहेब,” ती म्हणाली.